मनगटावरची थरथर आणि रात्रीचं पाणी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत रात्री रानात जाणाऱ्याला वन विभाग एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: गुपचूप जाऊ नका. बॅटरी आणि काठी बरोबर घ्या, मोबाईलवर गाणी लावा, मोठ्यानं बोलत चला, शक्यतो एकटे जाऊ नका. माणूस येतोय हे बिबट्याला आधी कळलं, तर बहुतेक वेळा तो वाट सोडतो. अचानक गाठ पडली, किंवा सरीत वाकलेला माणूस त्याला एखाद्या जनावरासारखा दिसला, तर मात्र जिवावर बेततं. अशा मुलखात मनगटावरच्या स्मार्टवॉचनं आवाज बंद ठेवून नुसतं थरथरावं, अशी शिफारस करणं उलटं वाटेल. पण दोन्ही सल्ले एकमेकांना धरूनच आहेत. शिवारात आवाज करायचा तो बिबट्याला ऐकू जावा म्हणून. घड्याळाचा निरोप ज्याच्या मनगटावर ते आहे त्याच्यापुरताच असतो, आणि तोही कानावाटे घेत बसलं तर कानाचं दुसरं काम, म्हणजे भोवतालची चाहूल घेणं, अडतं.

हे दुसरं काम इथं का आलं, ते आधी पाहू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचा कुकडी प्रकल्प झाला, कालव्यांना पाणी आलं आणि एके काळच्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने याच उसावर चालतात. बारा-पंधरा महिने उभा राहणारा ऊस म्हणजे दाट सावली, गारवा, जवळ पाणी आणि भोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? मादी उसातच विते. तोडणीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडतात, आणि वन विभागाची माणसं व माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर ती पिल्लं रात्री पुन्हा त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्म डोंगरातल्या जंगलात झालेलाच नाही. ऊस हेच त्यांचं घर.

दुसरीकडे शेतीची वीज. महावितरणच्या शेती फीडरवर थ्री फेज पुरवठा चोवीस तास नसतो. आठवड्यातले काही दिवस तो दिवसा येतो, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर रात्रीच चालवायची आणि पाणीही रात्रीच द्यायचं. दिवसा वीज द्या, ही या भागातली जुनी आणि रास्त मागणी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि ज्या फीडरवर सौर प्रकल्प उभे राहिले तिथं रात्रीची ही वणवण थांबू लागली आहे. सगळीकडे ते व्हायला वेळ लागेल. तोवर रात्र आहे, ऊस आहे आणि स्टार्टरची पेटी आहे.

घड्याळाचा पहिला उपयोग या पेटीपाशीच सुरू होतो. विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टर आता गावोगावी दिसतात. या कल्पनेचे एक आद्य जनक पुण्याचेच. अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं असं यंत्र बनवलं. पेटीत एक सिमकार्ड असतं. थ्री फेज आली, एखादा फेज गेला, मोटर कोरडी चालू लागली, की पेटी मालकाला फोन लावते किंवा मेसेज पाठवते. मालकानं परत फोन लावून ठरलेलं बटण दाबलं की मोटर सुरू होते.

आता रात्री दीड वाजताचं घर डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, एकीकडे शाळेत जाणारी पोरं, दुसरीकडे औषध घेऊन नुकती डोळा लागलेली म्हातारी. लाइट आली आणि फोन वाजला की सगळं घर जागं. म्हणून बरेच जण रात्री फोनचा आवाज बंद करतात, आणि मग पेटीचा फोन कोणालाच कळत नाही. वीज येते, दोन-तीन तास तशीच जाते, पहाटे कोणीतरी मोटर लावतो आणि तासाभरात पुरवठा बंद. हाच फोन घड्याळाच्या थरथरीतून आला तर फक्त ज्याला उठायचं तोच उठतो. ठिबक असेल तर अंथरुणातूनच मोटर सुरू करून तो परत आडवा होऊ शकतो, रात्रीची एक फेरी वाचते. पाटपाणी असेल तर ती सोय नाही. दारं धरायला जावंच लागतं, आणि तिथं घड्याळाचा दुसरा उपयोग सुरू होतो. त्याआधी ही थरथर मुळात होते कशी, ते समजून घेतलं म्हणजे ती कधी दगा देते हेही कळतं.

घड्याळात शेंगदाण्याएवढी किंवा त्याहूनही लहान मोटर असते. साध्या, स्वस्त घड्याळात तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेला धातूचा तुकडा बसवलेला असतो. दांडा फिरला की वजन एका अंगाला ओढ घेतं आणि सगळं घड्याळ हादरतं. खिशातल्या मोबाईलला 1990च्या दशकात थरथर आली ती याच तत्त्वावर. मोटोरोलाचा 1996 सालचा स्टारटॅक हा त्या सुरुवातीच्या फोनांपैकी एक. महागड्या घड्याळांत वेगळी रचना असते: स्प्रिंगवर बसवलेलं वजन विद्युतचुंबकाच्या जोरावर एकाच रेषेत मागेपुढे हलतं. पहिल्या प्रकारात मोटर वेग घ्यायला आणि थांबायला थोडा वेळ लावते, म्हणून थरथर पसरट, घोंगावणारी लागते. दुसऱ्यात ती चटकन सुरू होते, चटकन थांबते, आणि मनगटावर कोणी बोटानं टकटक केल्याचा भास होतो.

या मोटरा साधारणपणे सेकंदाला दीडशे ते अडीचशे वेळा हलतील अशा बनवतात, आणि त्यामागे शरीराचं कारण आहे. आपल्या कातडीखाली खोलवर कंप ओळखणारी सूक्ष्म ग्राहकं असतात. 19व्या शतकात इटलीतले शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावानं ओळखली जातात. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक थर आणि मधोमध मज्जातंतूचं टोक, अशी त्यांची रचना. सतत पडणारा दाब हे थर जिरवून टाकतात, त्यामुळे घड्याळाच्या पट्ट्याचा दाब आपल्याला दिवसभर जाणवत नाही. झपाट्यानं बदलणारा दाब मात्र ते आत पोचू देतात. सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनांच्या आसपास ही ग्राहकं सर्वांत तल्लख असतात. बोटाच्या टोकाला तर एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासची हालचालही कळते. मनगट बोटाइतकं तल्लख नाही, म्हणून घड्याळाला जास्त जोर लावावा लागतो.

आता दगा कधी होतो? हात हलत असताना. आपण स्वतः अवयव हलवतो तेव्हा मेंदू त्या अवयवाकडून येणाऱ्या स्पर्शाच्या खबरा दाबून ठेवतो. एरवी प्रत्येक पावलाला आणि प्रत्येक घासाला स्पर्शाचा गोंधळ उडाला असता. खोऱ्यानं माती ओढून दारं मोडणाऱ्या माणसाच्या मनगटाला एक छोटी थरथर कळेलच असं नाही, आणि यात घड्याळाचा दोष नाही. पॉवर टिलर चालवताना किंवा कडबाकुट्टीजवळ उभं राहून काम करताना तर हात आधीच यंत्राच्या कंपनानं भरलेले असतात. काम थांबल्यावरही काही वेळ कातडीची जाण बोथट राहते. थंडीत हात गारठले की तेच. डिसेंबरच्या रात्री पाण्यात हात घातलेल्या माणसाला हे सांगायला नको.

यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. घड्याळ खोरं ओढणाऱ्या मुख्य हातावर न बांधता दुसऱ्या हातावर बांधावं. पट्टा सैल नको. घड्याळाची पाठ कातडीला सगळीकडून टेकली पाहिजे, पण रक्त अडेल इतका घट्टही नको. बहुतेक घड्याळांच्या सेटिंगमध्ये थरथरीचा जोर निवडता येतो, तो सर्वांत जास्त ठेवावा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, उतरू द्यावी. आणि शक्य असेल तिथं छोट्या एका झटक्याऐवजी लांब, पुन्हा पुन्हा येणारी थरथर निवडावी. फोन आला तर बहुतेक घड्याळं तो उचलेपर्यंत थरथरत राहतात. मेसेजला एकदाच थरथरून गप्प बसतात. म्हणून स्टार्टरच्या पेटीला मेसेजऐवजी फोन लावायला सांगण्याची सोय असेल, तर ती घ्यावी.

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. घड्याळात स्वतः लावलेला गजर घड्याळातच राहतो. फोन जवळ असो वा नसो, तो वेळेवर थरथरणार. फोनकॉल, व्हॉट्सॲप, पेटीचा मेसेज या गोष्टी मात्र आधी फोनवर येतात आणि ब्लूटूथनं घड्याळाकडे जातात. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत दहा-वीस मीटर धरा, मधे भिंत किंवा हिरवागार ऊस आला की त्याहून कमी. पाणी उडेल म्हणून फोन मोटरच्या खोलीत ठेवला आणि आपण फडाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, की घड्याळ नुसतं वेळ दाखवणारं उरतं. घरून कोणी कितीही फोन लावले तरी मनगटाला पत्ता लागत नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशातच असू द्यावा. वाफे बदलायची वेळ लक्षात ठेवायची असेल तर त्यासाठी घड्याळातलाच टायमर लावावा.

दुसरा गोंधळ ‘सायलेंट’ आणि ‘व्यत्यय नको’ यांचा. घड्याळावर सायलेंट म्हणजे सहसा आवाज बंद, थरथर चालू. व्यत्यय नको म्हणजे, तुम्ही अपवाद ठरवून दिले नसतील तर, बहुतेक निरोपांची थरथरही बंद. रात्री झोपेचा मोड आपोआप सुरू होणारी घड्याळं खूप आहेत, आणि नेमकी तीच वेळ लाइटीची. त्या मोडमध्ये घरच्यांचे नंबर आणि पेटीचं सिम यांना वाट मोकळी ठेवून बाकी सगळं अडवता येतं. हे काम दिवसा, चहा पीत, पाच मिनिटांत होतं. मग घरातल्या कोणाकडून तरी फोन लावून खरंच थरथर येते का, हेही तिथंच पाहावं.

बाकीचं अडवणं तितकंच गरजेचं आहे. सुप्रभातची चित्रं, लग्नपत्रिका, बाजारभावाचे पाच ग्रुप, कर्जाच्या जाहिराती, या सगळ्यांना मनगटावर येऊ दिलं की दोन दिवसांत माणूस थरथरीकडे लक्ष देणं सोडतो. गावाच्या ग्रुपवर बिबट्या दिसल्याची खबर येत असेल तर तेवढा एक ग्रुप चालू ठेवून बाकीचे फोनवरच म्यूट करावेत, म्हणजे सहसा घड्याळही गप्प राहतं. मनगटावर काय येऊ द्यायचं याची यादी जितकी लहान, तितका थरथरीचा भरवसा मोठा.

आता शिवारातली रात्र. पाणी धरणाऱ्याचे कान कशासाठी असतात? वस्तीवरची कुत्री एकदम का उठली, टिटवी कुठल्या बाजूला ओरडली, गोठ्यातली जनावरं चुळबुळ का करताहेत, पाचट खसखसलं ते वाऱ्यानं की कशानं. पिढ्यान्‌पिढ्या हेच कान माणसाला सावध करत आले. कानात इयरबड्स घालून उसात उतरणं म्हणूनच मला सर्वांत धोक्याचं वाटतं. गाणी लागली आहेत असं त्या माणसाला वाटतं, बिबट्याला मात्र काहीच ऐकू जात नाही, आणि माणसालाही बाहेरचं काही ऐकू येत नाही. सगळंच उलटं झालं. गाणी फोनच्या स्पीकरवर, खिशातून बाहेर ऐकू जातील अशी असावीत, आणि दोन्ही कान उघडे. फोनमध्ये रिंगचा आवाज आणि गाण्यांचा आवाज वेगवेगळा असतो. रिंग थरथरीवर ठेवली तरी गाणी वाजत राहतात. घरून फोन आला की मनगट कळवतं.

त्यातही एक पथ्य आहे. थरथर आली की लगेच मान खाली घालून, उजळलेल्या पडद्याकडे पाहायची सवय शिवारात मोडायला हवी. अंधारात उजेडाकडे पाहिलं की डोळे परत अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि उभं राहणं हे वाकण्यापेक्षा केव्हाही बरं. आधी बॅटरी भोवती फिरवावी, मग घड्याळ पाहावं. बिबट्या दिसला, कोणी जखमी झालं, पिल्लू सापडलं, तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. तो घड्याळातही जतन करून ठेवता येतो.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, त्यांच्यासाठी तर या थरथरीचं मोल शेताबाहेरही तितकंच मोठं आहे. पहाटेचा गजर, औषधाची वेळ, दाराशी आलेल्या माणसाचा फोन, हे सगळं दुसऱ्या कोणावर अवलंबून न राहता कळतं. साखरेच्या आजारातल्या म्हाताऱ्या माणसांना गोळीची वेळ सांगायलाही ही युक्ती चांगली, फक्त सुरुवातीचे आठ दिवस घरातल्या कोणीतरी बरोबर लक्ष द्यावं.

जुन्नर तालुक्यात एक जागा अशी आहे की तिथं घड्याळाचा आवाज बंद करून काहीच भागत नाही. नारायणगावजवळचं खोडद. तिथं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे, ‘जीएमआरटी’ म्हणून सगळे ओळखतात ती. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यातल्या 14 मधल्या चौकोनात आणि 16 तीन भुजांवर, सगळ्यांत दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे 25 किलोमीटर. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं 1990च्या दशकात ती उभी राहिली. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं हे मोठं कारण होतं. भोवतालचे डोंगर मोठ्या शहरांकडून येणारा गोंगाट अडवतात.

या दुर्बिणीला आवाजाशी देणंघेणं नाही, तिला रेडिओलहरी हव्या असतात, आणि त्याही अतिशय क्षीण. 2023 च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या निरीक्षणात तिनं सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश टिपला. तो निघाला तेव्हा 1420 मेगाहर्ट्झचा होता, विश्व प्रसरण पावत असल्यामुळे इथं पोचेपर्यंत 620च्या आसपास उतरला. आता शेजारचा मोबाईल पाहा. तो टॉवरशी बोलतो ते 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही, आणि दुर्बिणीचा एक पट्टा 550 ते 850चा आहे. घड्याळाचं ब्लूटूथ 2400 मेगाहर्ट्झच्या वर चालतं, म्हणजे सरळ त्या पट्ट्यात नाही. पण जवळचा जोरदार स्रोत संवेदनशील यंत्राला पट्ट्याबाहेरूनही त्रास देऊ शकतो, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या आतल्या मंडलातून थोडा गोंगाट गळतच असतो. चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला तरी अशा दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक स्रोतांत दिसेल, इतका मोबाईलच्या आणि आकाशातून येणाऱ्या लहरींच्या ताकदीत फरक.

म्हणून तिथं गेल्यावर सायलेंट केलेलं घड्याळ गप्प झालं असं समजू नये. थरथरण्यासाठी ते फोनशी सतत बोलत असतं. तिथले कर्मचारी सांगतील त्याप्रमाणे फोन आणि घड्याळ दोन्ही पूर्ण बंद करावीत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला हजारो मुलं येतात. शाळांनी ही गोष्ट बसमध्ये बसायच्या आधीच मुलांना समजावून द्यावी.

आणि एक प्रकारचा इशारा असा, जो कधीच नुसत्या थरथरीवर ठेवू नये. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्यानंतर इशारे पोचवण्याच्या पद्धती बदलल्या. सेल ब्रॉडकास्ट ही त्यातली महत्त्वाची. 2023 मध्ये देशभर तिच्या टप्प्याटप्प्यानं चाचण्या झाल्या, तेव्हा एकाच वेळी सगळ्यांचे फोन कर्कश वाजले होते, ते आठवत असेल. यात नंबर लागत नाही. ठरावीक टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम इशारा जातो, आणि गंभीर इशारा सायलेंटवरच्या फोनलाही वाजवता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्यांचा वेगळा भाग असतो. तो आवाज अनेकांनी चाचणीच्या दिवशी वैतागून बंद केला. पश्चिम आंबेगावातल्या आणि जुन्नरच्या घाटमाथ्यावरच्या घरांनी तो परत चालू करावा.

यात घड्याळावर विसंबू नये. असा इशारा सगळ्याच घड्याळांपर्यंत पोचत नाही, रात्री बरीच घड्याळं मनगटावरून उतरून चार्जिंगला लागलेली असतात, आणि ज्या इशाऱ्यानं सगळ्या घराला उठवायचं तो एकाच मनगटाला कळून उपयोग नाही. डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवर दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला असेल, तर घरातला एक तरी फोन पूर्ण आवाजावर, चार्ज केलेला आणि जिथं रेंज येते त्या खिडकीत ठेवावा.